मोरीबाहेरची पहिली शू

"इतकी मोठी झाली, अन् अजून चड्डी भिजवून राहिली म्हनते वं!"

शाळेच्या व्हरांड्यात माझ्या मागे बसलेल्या बाई शेजारणीला सांगत होत्या. कुणाच्या मुलीबद्दल, ते कळलं नाही. पण माझी पाठ ताठ झाली. समोरच्या वर्गात माझी भाची बसली होती.

शाळेचा नियम साधा होता. के.जी.त यायचं, तर मुलाला शूला लागल्याचं सांगता यायला हवं. एक सकाळ वर्गात बसवून बघत. कपडे ओले झाले, तर पुढच्या वर्षी या. दादानं मला पाठवलं होतं, कारण वहिनीला टीचरशी इंग्रजीत बोलायची धास्ती होती. मला कुठल्याही भाषेत बोलायची धास्ती होती, हे घरी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

थोड्या वेळानं भाची उठली. फ्रॉक मुठीत धरून तिनं मी घोटून घेतलेलं वाक्य म्हटलं, "टीचर, मे आय गो टू द टॉयलेट?" टीचर खूश झाल्या आणि त्यांनी मला खूण केली. मी तिला घेऊन गेले. ती नीट बसली. काहीच झालं नाही.

"येत नाही, आत्या."

परत वर्ग. परत चुळबुळ. आता ती पाय आवळून उभी होती आणि ओठ थरथरत होते. मी तिला पुन्हा नेलं. ती बसली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"म्हन ना."

"काय?"

"आई म्हन्ते ते."

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. घरी वहिनी तिला मोरीवर बसवते, शेजारी उकिडवी बसते आणि 'शूऽऽ' करते. त्या आवाजाशिवाय हिला होतच नाही. आम्ही सगळ्यांनी मिळून तिला विचारायला शिकवलं होतं, एकटीनं करायला नाही.

दार उघडंच होतं. बाहेर टीचर येऊन थांबल्या होत्या, मागे व्हरांड्यातल्या बाई. मी हळूच म्हटलं, "शूऽऽ."

"मोठ्यानं म्हन!"

कान तापले. मी खाली बसले आणि मोठ्यानं म्हटलं. मग भांड्यात धार वाजली.

"झालं काय वं एकदाचं?" बाहेरून बाईंनी विचारलं, आणि टीचर खळखळून हसल्या. इंग्रजी सोडून मराठीत म्हणाल्या, "माझ्या घरीही हेच चालायचं. सांगते तर छान. घेते मी तिला. पण इथं रोज 'शूऽऽ' कोण म्हणणार?"

वहिनीला विचारते, असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं. भाची चड्डी वर ओढत माझ्या ओढणीला धरून उभी होती, कोरडी.

"मी येईन," मी म्हणाले. "तिला सवय होईपर्यंत रोज येईन."