अडलंय कुणाचं?

आमच्या कॉलेजात प्रोजेक्टचे विषय तपासणाऱ्या बाईंना पोरं मागून ‘अडलंयबाई’ म्हणायची. पोरगं कितीही झोकात विषय मांडो, बाई चष्मा कपाळावर चढवून म्हणायच्या, “सगळं झ्याक आहे. पण अडलंय कुणाचं? त्याला घेऊन ये.” तो माणूस बाईंसमोर बसून बोलायचा, मगच विषय पास. एकानं मामाला पढवून आणलं होतं. मामा ऐनवेळी सगळं विसरला आणि पाणी पिऊन निघून गेला.

“बाई, ही काय पंचायत भरवलीय?” विभागप्रमुख कुरकुरायचे. बाई ढिम्म.

त्या दिवशी विभागप्रमुख आणि आम्ही काही पोरं खोलीत असताना शेवटच्या वर्षाची एक पोरगी आईला घेऊन आली. आईला जन्मापासून ऐकू येत नाही, बोलता येत नाही. पोरीचा विषय होता, कुकरची शिट्टी झाली की लुकलुकणारा दिवा. आधीचे विषय पडलेले. हाही पडला तर वर्ष बुडालं.

“विचार आईला,” बाई म्हणाल्या, “शिट्टी ऐकू येत नाही म्हणून काय अडतं?”

पोरीनं हातांनी विचारलं. आई हसली, तळवा टेबलावर टेकवून थरथरवला.

ती हातांची भाषा खोलीत त्या मायलेकींशिवाय कुणालाच येत नव्हती. ‘फार अडतं’ असं पोरीनं ठोकून दिलं असतं, तर कुणाच्या बापाला कळलं नसतं.

“काही अडत नाही म्हणते,” पोरगी शेवटी म्हणाली. “ओट्याला हात लावला की शिट्टी कळते.”



“मग अडतं कशानं, ते विचार,” बाईंचा आवाज एकदम मऊ झाला.

आता आईचे हात बराच वेळ चालले. मग पोरगी सांगू लागली.

“आजी अंथरुणाला खिळलीय. तिनं हाक मारलेली कळत नाही, म्हणून आई दुपारभर तिच्या तोंडाकडे बघत बसते. डोळा मिटत नाही.” तिनं आईकडे पाहिलं. “मला वाटायचं, तिला दुपारची झोपच येत नाही.”

बाईंनी चष्मा खाली ओढला आणि कागदावर सही केली.

“अहो, पण विषय कुठाय?” विभागप्रमुख म्हणाले.

“आत्ता तिच्या आईनं सांगितला ना.”

काय ठरलं ते आईला कळेना. तिनं पोरीचा दंड हलवला. पोरीनं दोन्ही तळवे जोडून गालाखाली घेतले, मान कलती केली आणि डोळे मिटून दाखवले.