माहेरी निघालेल्या गोळ्या

मंडळी, आज ऑफिसात मी अक्षरशः नाचले!

शिवाजीनगरच्या एका एचआयव्ही उपचार केंद्रात मी पेशंटच्या नोंदी बघते. काही गरोदर बायका मध्येच औषध सोडायच्या. सगळे म्हणायचे, निष्काळजी आहेत. मी तारखा जुळवल्या, तर खंड नेमका सातव्या महिन्यानंतर! काउन्सेलरनं फोन लावले. सगळ्या बाळंतपणाला माहेरी. तिथल्या दवाखान्यात गोळ्या मागितल्या तर गावभर बोभाटा, म्हणून गप्प.

मग आम्ही निघतानाच पुरेशा गोळ्या देऊ लागलो.

आज बेळगावकडची एकजण बाळाला घेऊन परतली. "अक्का, एक गोळी चुकवली नाही बघा!" बाळाचा रिपोर्टही निगेटिव्ह!

तुमच्याकडे माहेरी निघालेल्या लेकी-सुनांच्या बॅगेत आधी काय भरतात? आमच्याकडे गोळ्या.