वैशालीचा की वानखडेचा?

अमरावतीची वैशाली वानखडे पुण्यात सदाशिव पेठेत माझ्या शेजारी खोली घेऊन राहायची. २००४ साली कॉल सेंटरच्या चाचणीआधी ती रडकुंडीला आली. इंग्रजीतले व्ही आणि डब्ल्यू तिला सारखेच ऐकू येत. चुकली की नोकरी गेली.

"भाऊ, कान तपासू काय?"

मी भडकलो. "कान ठणठणीत आहेत! आपल्या मेंदूनं लहानपणीच दोन्ही आवाज एका 'व'त कोंबलेत. तुझ्याच नावात बघ, वैशालीला व्ही, वानखडेला डब्ल्यू. कधी फरक ऐकलास?"

"ओठ बघून कळते. फोनवर ओठ कुठं दिसतात?"



चाचणीत हेडफोनवर परीक्षक पत्ता सांगू लागला. पत्त्यात 'व' आला; व्ही की डब्ल्यू, कळेना. घाबरत तिनं विचारलं, "सर, वैशालीचा की वानखडेचा?"

तिचा अर्ज समोरच होता. तो हसला. "वानखडेचा. सोमवारपासून या."