शब्दकोशाचा चढ

एका मंगळवारी माझा भाऊ सुधीर गेला. त्याच्या टेबलावर जुन्या, लांब नाकाच्या ट्रकची वीतभर प्रतिकृती राहिली. पत्रा कापून, तार वाकवून ती सगळी त्यानेच घडवली होती. आत मोटर होती, चालवायला रिमोट. डोंगर म्हणून तो माझे कामाचे जाडजूड शब्दकोश रचायचा.

"ताई, आज चढतो बघ!"

"ते चढण्यात माझा जन्म गेला. तुझा ट्रक काय चढतोय!"

चढत नव्हताच. दुसऱ्या खंडाशी एक चाक अधांतरी व्हायचं आणि तो कलंडायचा. सुधीरने चाकांवर खऱ्या ट्रकइतकेच स्प्रिंगचे पोलादी पाटे बसवले होते. ते मालाच्या ओझ्याने वाकतात. या चिमुकल्यावर ओझंच नव्हतं, म्हणून ते ताठच राहायचे. "पाटे कमी करतो," तो म्हणाला होता. राहून गेलं.

आज मी प्रत्येक चाकावरचा एकेक पाटा काढला. खडबडीत वाटेवर प्रत्येक चाकाला आपापलं खाली-वर होऊ द्यावं लागतं. ताठ राहिलं की जमीन सुटते. दुःखाचंही तसंच असावं. मी रडते तेव्हा रडते, आणि चहाही करते.

ट्रक हळूहळू चढला. आता तो सर्वांत वरच्या खंडावर उभा आहे आणि रिमोट माझ्याकडे आहे.