रुळाला लावलेला दगड

नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, पण आजही आधी आठवते ती मालगाडी घसरल्याची घटना. माणूस तर तिच्यात एकही मेला नाही. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेले होते, चळवळीचे दिवस होते आणि मी खामगावजवळच्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. एका सकाळी सरकीने भरलेल्या मालगाडीचे दोन डबे रुळावरून उतरले. रुळालगत फुटलेला दगड सापडला. पंचनामा करून तो मी जप्त केला.

दुपारी जवळच्या गावचा पोलीस पाटील खबर घेऊन हजर झाला. "साहेब, आमच्या गावचा शिंपी काल लाईनीकडं जाऊन राह्यला होता. झेंडे शिवते तो."

शिंप्याला आणून कोठडीत घातले. बुलढाण्याहून वरिष्ठांचा हुकूम आला : घातपात आहे, कबुली घ्या. कबुली म्हणजे त्या माणसाची उमेदीची वर्षे तुरुंगात जाणार, हे दारावरच्या शिपायालाही कळत होते.

मी जबाब घ्यायला बसलो. झेंड्यांचे त्याने बेधडक कबूल केले. "हाव, शिवतो. लाईनीकडं तं सारं गाव जाते. पण गाडी काऊन पाडू? तिच्यात काय लाटसाहेब बसला होता? सरकी होती, साहेब."

हसू मी मिशीतच दाबले. गुन्हेगार ठाणेदाराशी अशी हुज्जत घालत नाही, तो पाय धरतो. हवालदार छडी घेऊन उभाच होता. त्याला मी घोड्यांना पाणी दाखवायला पिटाळले आणि पुन्हा जागेवर गेलो.

गाडी पाडायची असती तर दगड रुळाच्या माथ्यावर ठेवला असता. मातीतल्या खळीवरून हा रुळाच्या कडेला, पाचरीसारखा बसवलेला दिसत होता आणि त्यावर बैलगाडीच्या चाकाच्या लोखंडी धावेचे ओरखडे होते. मातीत बैलगाड्यांच्या चाकोऱ्या. कापसाचा हंगाम, फाटक लांब, तेव्हा गाडीवाले इथूनच लाईन ओलांडत असणार. पण ज्याला विचारावे तो एकच पाठ म्हणे : "आमी फाटकातूनच जातो, साहेब."

मला राग आला आणि हट्टही चढला. दुसऱ्या दिवशी बाजाराला निघालेल्या भरल्या गाड्या मी त्याच जागी आणून उभ्या केल्या. "चला, न्या पलीकडं."

पहिल्या गाडीचा म्हातारा हाकणारा मुकाट उतरला. सवयीने एक दगड उचलून रुळाला लावला, बैलांना हाक दिली. चाक दगडावरून चढले, पलीकडे उतरले आणि तो सरळ चालू लागला.

"बाबा, दगड काऊन नाही काढला?" मी हटकले.

"मांगची गाडी येते ना. शेवटच्यानं काढाचा, असाच रिवाज हाय." एवढे बोलून तो जागीच थबकला.

"मग परवा शेवटचा कोण होता?"

म्हाताऱ्याने डोक्याचे पागोटे काढून हातात धरले. "माह्या मांगं भावाची गाडी होती. तिचं जू मोडलं, तो वावरातूनच परतला. मले कुठं ठावं? म्हंजे शेवटचा मीच झालो, साहेब. घ्या लिहून. त्या शिंप्याले सोडा."

मी घातपात नव्हे, हयगय असा अहवाल पाठवला. वरिष्ठ भडकले, चळवळ्यांना पाठीशी घालतोस म्हणाले. मी दगड त्यांच्या टेबलावर ठेवून अडून बसलो. शेवटी त्यांना ऐकावे लागले. म्हातारा थोडक्या शिक्षेवर सुटला.

शिंप्याला मी स्वतः कोठडीतून बाहेर काढले. पायरीवर थांबून त्याने विचारले, "साहेब, म्हातारा बोलला नसता तं?"

"मी शोधतच राहिलो असतो."

"तुमी राह्यले असते. तुमच्या जागी दुसरा असता तं?"

त्याचे उत्तर आम्हा दोघांनाही ठाऊक होते. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत, नुसती कबुली मिळाली म्हणून मी एकही तपास बंद केला नाही.