साहेबराव आप्पांची लाल पेटी

महाळुंग्याच्या साहेबराव आप्पांनी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात एकतीस वर्षं तयार माल तपासला. रिटायर होताना कंपनीनं त्यांना चांदीचा गणपती दिला आणि सोबत एक व्हर्निअर, म्हणजे मिलिमीटरच्या बारीक भागापर्यंत जाडी मोजायचं ते हत्यार. गणपती देव्हाऱ्यात गेला. व्हर्निअर आप्पांच्या बंडीच्या खिशात राहिला, आणि घरच्यांची खरी परीक्षा तिथून सुरू झाली.

सगळ्यात जास्त ती सुनेची, विजयश्रीची. आप्पा रोज भाकरी ताटातून उचलायचे, उलटी करायचे, उजेडाकडे धरून पाहायचे आणि "कड जाड हाय" किंवा "मधी पातळ पडली" असा निकाल द्यायचे. निकाल न देता जेवले, तर समजायचं की माल पास. सोळा वर्षांत त्यांनी तिच्या हातच्या कशालाच तोंडानं चांगलं म्हटलं नव्हतं. विजयश्री हसण्यावारी न्यायची. पण खरं सांगायचं तर तिला ते एकदा ऐकायचं होतं, आणि आपल्याला ते ऐकायचंय याचा तिला स्वतःचाच रागही यायचा.

आप्पांची दोन तत्त्वं साऱ्या गावाला पाठ होती. पहिलं, रिजेक्ट माल लाल पेटीत टाकायचा आणि पेटीला कुलूप लावायचं, कारण उघडा राहिलेला माल गर्दीच्या वेळी कुणीतरी गुपचूप चांगल्यात ढकलतं. दुसरं, 'डेव्हिएशन'वर सही करायची नाही. मालात किरकोळ खोट असली आणि लाइन बंद पडायची वेळ आली, तर कारखान्यात मोठा तपासनीस एका चिठ्ठीवर सही करतो. खोट मान्य, पण माल जाऊ द्या, असा त्या चिठ्ठीचा अर्थ. आप्पांनी एकतीस वर्षांत अशी एकही चिठ्ठी लिहिली नाही. हे ते प्रत्येक लग्नाच्या पंगतीत सांगत, आणि शेजारी बसलेला माणूस जिलेबीकडे बघत मान हलवी.

असा माणूस नवतरुण मंडळाच्या 'भव्य बार्बेक्यू महोत्सवा'त पडला तो नातीमुळे.

नात आरोही, पंधरा वर्षांची, मंडळाच्या मुलींच्या कबड्डी संघाची कॅप्टन. हा संघ शाळेमागच्या मुरमाड मैदानावर सराव करायचा, आणि स्पर्धा व्हायच्या मॅटवर. पोरींचे पाय मॅटवर ठरत नसत आणि गुडघे मुरमावर शाबूत राहत नसत. मॅट घ्यायची तर पैसा हवा. वर्गणी मागून मंडळाचा अध्यक्ष स्वराज इतका बदनाम झाला होता की त्याला लांबून बघून लोक रस्ता बदलायचे. तेव्हा त्यानंच टूम काढली: सहाशे प्लेट चिकन भाजायचं, सहा तुकडे, दोन पाव, कांदा आणि लिंबू. पोरींनी कंपन्यांच्या गेटवर उभं राहून आठवड्यात सहाशे कूपनं खपवली. निम्मी तर दुसऱ्या शिफ्टच्या कामगारांनीच घेतली, कारण आमच्याकडे बऱ्याच कंपन्यांची सुट्टी गुरुवारी, रविवारी त्यांना कामावर जायचंच असतं. पावणेदोनला नाक्यावर बस यायच्या आत खाऊन निघू, असा त्यांचा हिशेब.

भाजायचं काम गॅरेजवाल्या इकबालकडे. बकरी ईदला त्याच्या दारात भाजल्या जाणाऱ्या बोटीचा, म्हणजे मटणाच्या तुकड्यांचा, वास पार वेशीपर्यंत जातो, हे गावाला ठाऊक होतं. त्यानं दोन मोठे ड्रम उभे चिरले, आधी दिवसभर नुसतीच आग लावून आतून जाळून काढले, पाय वेल्डिंग केले आणि सळ्यांची टोकं ग्राइंडरवर घासली. मसाला विजयश्रीचा. नव्वद किलो बिनहाडाच्या चिकनला शनिवारी संध्याकाळी तिनं आणि पोरींनी दही, आलं-लसूण आणि तिच्या घरचा कांदा-लसूण मसाला कोपरापर्यंत हात घालून चोळला.

"भाभी, थोडा लाल रंग टाका की. लोकांना लाल दिसल्याबिगर तंदुरी वाटत नाही," इकबाल म्हणाला.

"माझ्या मसाल्याला मेकअप लागत नाही, इकबालभाई," विजयश्री म्हणाली, आणि खांद्यानं कपाळावरचे केस मागे सारले.

आणि आप्पा? आप्पांना कुणी बोलावलं नव्हतं. रविवारी सकाळी साडेदहाला ते इस्त्रीचा शर्ट घालून शाळेमागच्या मैदानावर हजर झाले. मागून मंडळाचे दोघे त्यांची जुनी पत्र्याची ट्रंक उचलून आणत होते. ट्रंक बाहेरून लाल रंगवलेली, आतून घासून लखलखीत केलेली आणि वर चकचकीत फॉइल अंथरलेलं. कोयंड्याला कुलूप होतं आणि किल्ली आप्पांच्या करगोट्याला.

"फायनल इन्स्पेक्शन मी करणार," त्यांनी जाहीर केलं.

स्वराजला वाटलं, म्हाताऱ्या माणसाचं मन राखावं. इथंच चुकलं.

पहिल्या सळ्या उतरल्या. आप्पांनी आधी प्रत्येक सळीवरचा एक तुकडा मोडून पाहिला. आत कच्चं दिसलं की सळी परत निखाऱ्यावर. इथवर कुणाची तक्रार नव्हती, इकबालनं तर मनापासून दाद दिली. मग आप्पांनी गरम पाण्यात धुऊन घेतलेला व्हर्निअर काढला.

"हा छत्तीस. अडतीस पायजे. रिजेक्ट."

"आप्पा, कोंबडीला ड्रॉइंग दाखवून कुणी वाढवली नव्हती हो," इकबाल म्हणाला.

"ह्याला काळा डाग हाय. रिजेक्ट."

"अहो, तो डागच तर खायचा असतो!"

"इकबाल, एका ताटात मोठं गेलं नि दुसऱ्यात बारकं, तर बारकंवाला काय म्हणल? त्यानं कमी पैसं दिलेत व्हय?"

आप्पांचं हेच कठीण होतं. ते वेडेपणा करायचे, पण त्याच्या तळाशी काहीतरी न्यायाचं असायचं, त्यामुळे माणसाला धड चिडताही यायचं नाही.

एक वाजता दोनशे प्लेटा गेल्या होत्या. जवळजवळ तेवढाच माल लाल पेटीत कुलूपबंद होता. सगळा नीट शिजलेला, खोट फक्त मापाची नाहीतर डागाची. उरलेल्या दोनशे प्लेटांचं कच्चं चिकन टोपात होतं. गणित सोपं होतं. याच चालीनं गेलं तर दोन-तीनशे कूपनवाले उपाशी जाणार, त्यांचे पैसे परत करावे लागणार, आणि मॅट गेली.

विजयश्रीच्या मनाला आणखीही एक गोष्ट लागत होती. पेटीचं झाकण दर वेळी उघडलं की तिच्या मसाल्याचा वास बाहेर यायचा आणि कुलूप लागलं की बंद व्हायचा. सोळा वर्षं भाकरी एकेक करून नापास झाली होती, आज नव्वद किलो एकदम होत होतं, तेही सगळ्या गावासमोर. ती पाव कापत राहिली. सासऱ्याला चारचौघांत बोलणं तिच्या जिभेवर येईना.

एक वीसला निळ्या युनिफॉर्ममधली रांग मैदानाच्या फाटकाबाहेर गेली. पुढचा माणूस कूपन हलवत म्हणाला, "भाऊ, बस येईल. नसेल होत तर पैसे द्या परत, आम्ही वडापाव खातो."

त्यामागून आणखी दहा हात वर झाले. स्वराज आप्पांपाशी धावला. "आप्पा, पाया पडतो. पेटी उघडा."

"रिजेक्ट माल गिऱ्हाइकाला न्हाई जात."

"डेव्हिएशन द्या मग!" इकबाल धुरातून ओरडला.

"एकतीस वर्सांत दिलं न्हाई," आप्पा म्हणाले, आणि पुढची सळी मोजायला घेतली.

तेवढ्यात आरोही आली. प्लेटा वाटून तिचे हात तेलकट झाले होते आणि गुडघ्यांवर खपल्या होत्या. ती ओरडली नाही. आप्पांच्या समोर उभी राहिली.

"आप्पा, माझं वजन किती भरलं होतं?"

आप्पांचा हात थांबला. दोन महिन्यांपूर्वी जिल्ह्याच्या निवड चाचणीला ते स्वतः तिच्याबरोबर गेले होते. पंचावन्न किलोची मर्यादा आणि काटा तीनशे ग्रॅम पुढे. तिला खेळूच दिलं नाही. त्या दिवशी आप्पांनी पंचांकडे काट्याच्या कॅलिब्रेशनचं, म्हणजे काटा बिनचूक असल्याचं, सर्टिफिकेट मागितलं होतं. आवाज इतका चढला होता की शेवटी त्यांना बाहेर बसवावं लागलं. घरी येऊन ते जेवले नव्हते. ओट्यावर बसून विजयश्रीला एवढंच म्हणाले होते, "तीनशे गिरामनं पोरगी खराब झाली व्हय?"

"पंचावन्न तीनशे," आप्पा आता हळू म्हणाले.

"मग मी खराब होते का?"

रांगेतल्या कुणाला यातलं काही कळलं नाही. विजयश्रीला कळलं, आणि तिच्या हातातला पाव तसाच राहिला. आप्पांनी नातीच्या गुडघ्यांकडे पाहिलं, मग हातातल्या व्हर्निअरकडे. त्यांचा चेहरा असा पडला की विजयश्रीला क्षणभर त्यांची दया आली. त्यांनी व्हर्निअर मिटला, खिशात ठेवला आणि पाठ फिरवून करगोट्याची किल्ली सोडली.

कुलूप निघालं. झाकण वर झालं आणि वाफेचा लोट उठला. बंद पेटीत आपल्याच उष्णतेनं चिकन मुरून मऊ झालं होतं. पास झालेल्या मालापेक्षा हा नापास माल सरस होता, पण हे इकबालनं कधीच आप्पांच्या तोंडावर सांगितलं नाही, फक्त बाकी सगळ्यांना सांगितलं.

"थांबा," आप्पा म्हणाले. रांग कळवळली. आप्पांनी एक डागाळलेला, चौतीसचा तुकडा उचलला, तोंडात टाकला आणि डोळे मिटून चावू लागले. बस यायला वीस मिनिटं होती आणि साहेबराव आप्पा चावत होते. त्यांनी गिळलं.

"पेन द्या कुनीतरी."

कुणीतरी पेन दिलं. त्यांनी एका कूपनाच्या पाठीवर चार ओळी लिहिल्या, सही केली, तारीख टाकली आणि कागद झाकणाच्या आतल्या बाजूला दह्याच्या डागावर चिकटवून दिला. "आता न्या."

मग काय! पोरी दोन्ही हातांनी प्लेटा भरू लागल्या, इकबालनं उरलेल्या सळ्या एकदम निखाऱ्यावर घातल्या, आणि निळे युनिफॉर्म एका हातात प्लेट, दुसऱ्या हातात डबा घेऊन बसकडे पळाले. एक ड्रायव्हर तर हॉर्न वाजवायचा सोडून स्वतःच खाली उतरला. अडीचपर्यंत सहाशेच्या सहाशे प्लेटा संपल्या. मॅट पुढच्या महिन्यात येणार हे नक्की झालं. जाडी आपण तपासून घेऊ, असं आप्पांनी लगेच स्वराजला बजावलं.

संध्याकाळी परसात ट्रंक घासायला घेतली तेव्हा विजयश्रीला तो कागद सापडला. तेलानं पारदर्शक झाला होता, पण अक्षर कारखान्यातलं, ठळक होतं.

'डेव्हिएशन. खोट: आकार कमी-जास्त, काळे डाग. खोट मान्य. मसाला: उत्तम. गेली सोळा वर्षे उत्तम. माल पाठवावा.'

खाली सही होती. ती नळ चालू ठेवून तशीच उकिडवी बसून राहिली, आणि डोळे पुसले तेव्हा हाताचा मसाला डोळ्यांत गेला. कागद तिनं वाळवला आणि मसाल्याच्या डब्याच्या तळाशी ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा जेवायला बसले. भाकरी उचलली, उलटी केली, उजेडाकडे धरली.

"कड जाड हाय."

विजयश्रीनं पदराला हात पुसले, कॅलेंडरला अडकवलेलं पेन काढलं आणि त्यांच्या ताटाशेजारी ठेवलं. आप्पांनी पेनाकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं आणि मुकाट्यानं भाकरी मोडली.