शेरा: व्यक्तिमत्त्व दबलेले

शैलू, एकाहत्तरची लढाई संपून सहा महिने झाले होते, तरी आपल्या बाबांची डबल शिफ्ट सुटली नव्हती. जबलपूर स्टेशनवर ते खमरियाच्या दारूगोळा फॅक्टरीतूनच सायकल मारत आले, माझी ट्रंक उचलून डब्यात ठेवली आणि म्हणाले, "बरं. पत्र टाक." बस. पोरगी पुण्याला शिक्षिका व्हायला निघाली आणि बापाकडे तीन शब्द. आईचं मात्र गाडी हलेपर्यंत चालू होतं. "तिकडं तरी तोंड सांभाळ. सगळ्या खमरियाला तुझा आवाज पाठ झालाय. आणि ते 'येऊन राहिले', 'जाऊन राहिले' बंद कर. हसतील."

आई सांगलीची. तिचं म्हणणं खरं ठरायला एकच दिवस लागला.

तू तेव्हा नऊ वर्षांची. लढाईत ब्लॅकआउटसाठी क्वार्टर-क्वार्टरला फिरून खिडक्यांना काळा कागद लावून घ्यायचं काम मी अंगावर घेतलं होतं, आठवतं? "भाभीजी, कोना खुला है!" असं मी रस्त्यावरून ओरडायची आणि भाभीजी खळ घेऊन धावायची. बड्या फुहाऱ्याच्या बाजारातले कापडवाले माझ्या घासाघिशीला भिऊन मला बघूनच हात जोडायचे. शेजारी म्हणायचे, लड़की में पर्सनालिटी है. आई म्हणायची, हीच तर पंचाईत आहे.

पुण्यातल्या शाळेत पहिल्या सकाळी कुणीतरी विचारलं, केव्हा आलात? मी म्हटलं, "आत्ताच येऊन राहिले." "कुठं येऊन राहिलात?" एक बाई म्हणाल्या, आणि सगळ्या हसल्या. वाईट नव्हत्या त्या. मला आपल्या डब्यातलं खायला द्यायच्या. पण त्या दिवसापासून मी प्रत्येक वाक्य बोलण्याआधी मनात तपासायला लागले, आणि तपासून होईपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा. वर्गातही तेच. वर्षाअखेरीस मुख्याध्यापिकाबाईंनी शेरा मारला: 'अध्यापन ठीक. व्यक्तिमत्त्व दबलेले. वर्गावर छाप पडत नाही.' नोकरीत कायम करणं एक वर्ष पुढे ढकललं. "अहो, पर्सनॅलिटी जरा खुलवा," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षीही असंच राहिलं तर मला दुसरी बाई बघावी लागेल."

मला रडू आलं नाही, संताप आला. आईनं बावीस वर्षं झाकण लावून ठेवलं, आणि ह्या म्हणतात झाकण काढा! संस्कृतच्या बाईंना विचारलं, हा शब्द आहे तरी काय? त्या म्हणाल्या, "जी व्यक्त होते ती व्यक्ती. तिचं जे वेगळेपण, ते व्यक्तिमत्त्व." छान. पण व्यक्त कोणत्या भाषेत व्हायचं, ते कोण सांगणार? खमरियात जिला पर्सनालिटी म्हणायचे ती मुलगी हिंदीत होती. पुण्याच्या मराठीत ती मलाच सापडेना.

मे महिन्यात घरी आले तेव्हा शेऱ्याचं कुणालाच सांगितलं नाही. एके दुपारी बाबा चष्मा विसरून गेले, म्हणून आईनं मला फॅक्टरीच्या फाटकावर पाठवलं. पहिली शिफ्ट सुटून दुसरी लागायची होती. चहाच्या टपरीशी कामगारांचं कोंडाळं जमलं होतं आणि मधून एक खणखणीत आवाज कुठल्याशा साहेबाची नक्कल करत होता. "आप लोग यहाँ चाय पीने आते हैं? और पीते हैं, तो हमको क्यों नहीं पूछते?" लोक पोट धरून हसत होते. मी टाचा उंचावून पाहिलं. आपले बाबा.

शैलू, त्या माणसाला मी ओळखत नव्हते. एक म्हातारे कामगार मला म्हणाले, "बिटिया, लड़ाई के दिनों में तुम्हारे बाबूजी न होते, तो हम लोग पागल हो जाते." तेवढ्यात बाबांनी मला पाहिलं आणि एकदम घरातले बाबा झाले.

बसथांब्यापर्यंत सोडायला आले. मी चिडूनच विचारलं, "घरी काहून नाही बोलत तुम्ही असे?"

ते चष्म्याची काच पुसत राहिले. मग म्हणाले, "लग्न झालं तेव्हा बोलत होतो. तुझी आई हसली."

"म्हणून?"

"वाईट नव्हती हसली. तिला आमची मराठी गमतीची वाटली. पण मग मी तिच्यासमोर बोलायच्या आधी विचार करू लागलो. त्यातच वर्षं निघून गेली. आता काय बोलून राहिलो मी!"

एका हसण्यापायी इतकी वर्षं! मला त्यांचा राग आला, आईचा आला, आणि स्वतःचा तर फारच, कारण माझं एक वर्ष त्याच वाटेनं गेलं होतं. रविवारी जेवताना मी हट्ट धरला, बाबा, ती नक्कल करा. "चलो, खाना खाओ," म्हणून त्यांनी मान खाली घातली. नंतर ओट्यापाशी मी आईला सगळं सांगितलं. "मी कधी हसले गं?" ती म्हणाली. तिला आठवतच नव्हतं.

जूनमध्ये पुण्यात भूगोलाच्या तासाला मी सरळ म्हटलं, "नर्मदा पश्चिमेकडे वाहून राहिली." मुली फिदीफिदी हसल्या. "हसून घ्या," मी म्हटलं, "मग सांगा, कुठं वाहून राहिली?" "अरबी समुद्राकडे!" असा ओरडा झाला की शेजारच्या वर्गावरच्या बाई बघायला आल्या. त्या वर्षी मी कायम झाले. शेरा होता: 'वर्गावर उत्तम पकड. व्यक्तिमत्त्व काहीसे आडदांड.' एका वर्षात दबलेलं ते आडदांड! कपाळावर हात मारून घेतला.

आता बाबा नाहीत, आई नाही, क्वार्टर तर केव्हाच दुसऱ्या कुणाचं झालं. तू पत्रात विचारतेस, निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, घरी कधी येतेस? कुठल्या घरी गं? पुण्यात अजून कुणीतरी विचारतं, तुम्ही मूळच्या कुठल्या? आणि जबलपूरला तुमच्याकडे आले की माझ्या मराठीला सगळे पूनावाली म्हणतात. दोन्हीकडचा वैताग आहे नुसता.

तरी येईन. मागच्या खेपेला तुझी नात माझ्याजवळ येऊन बसली. "मोठी आजी, मी काल..." एवढं म्हणून थांबली आणि तुझ्या तोंडाकडे बघायला लागली. तू घाईघाईनं शब्द पुरवलास, आणि ती उरलेलं सगळं हिंदीत सांगून पळाली. या वेळी तू मध्ये बोलू नकोस. काल तिचं काय झालं ते तिला अडखळत, चुकत, तिच्या मराठीत सांगू दे. मी ते ऐकत बसेन. घर म्हणून मला आता तेवढंच हवं आहे.